गिअर कडक करण्याआधी गिअरबॉक्सला खरा टॉर्क कळू द्या

तुमचा प्रश्न आधी एका जागी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २.२ लिटर डिझेल, फोर बाय फोर, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग). कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर काढून २८५/६५ आर १८ ऑल टेरेन बसवलेत, दोन इंचांची लिफ्ट आहे, इंजिनाला ट्यूनिंग बॉक्स आहे आणि पेडलला थ्रॉटल कंट्रोलर. तक्रारी तीन आहेत. अर्ध्या रेसवर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस वर उडते आणि मग धक्का बसतो. साखरप्याकडून आंबा घाट चढताना गाडी तिसऱ्या-चौथ्यात खेळत राहते आणि वर पोचल्यावर जळका वास येतो. शिवाय थांबता थांबता मागून ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजवाले व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअरबॉक्समधल्या क्लचना तेल वाटून देणाऱ्या भागात, बदल करून, तेलाचं प्रेशर वाढवून गिअर कडक करून देतो म्हणताहेत. ते करावं का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता करू नका. या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि प्रेशरशी संबंध आहे तो फक्त पहिलीचा. तिथेही प्रेशर कमी पडतंय ते गिअरबॉक्स बिघडला म्हणून नव्हे. इंजिन किती जोर लावतंय हे त्याला कळत नाही म्हणून. गाडी समोर नसताना शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. तेलाची अवस्था, किती किलोमीटर झालेत, आतले क्लच किती घासलेत, यावर बरंच अवलंबून आहे. पण तपासायचा क्रम मात्र प्रत्येक गाडीत हाच राहतो.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आत एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. धरणाऱ्या क्लचला किती प्रेशर द्यायचं हे गिअरबॉक्सचा कंट्रोलर ठरवतो, आणि त्यासाठी तो मुख्यतः एका आकड्यावर विसंबतो: इंजिनाच्या कंट्रोलरने वायरिंगमधून कळवलेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. तेलाचं तापमान आणि क्लचचा ड्रम भरायला लागणारा वेळ हे त्यानंतर येतात. इंजिन ३०० न्यूटन मीटर म्हणालं की गिअरबॉक्स ३०० साठी पुरेल इतकं आणि वर थोडं राखीव प्रेशर देतो. शिवाय गिअर बदलताना तो इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. हा सगळा खेळ साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो.

आता ट्यूनिंग बॉक्स काय करतो ते बघा. डिझेलमधले बहुतेक बॉक्स रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं प्रेशर) मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसतात आणि इंजिनाच्या कंट्रोलरला खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतात. कंट्रोलर प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, पिकअप वाढतो. पण कंट्रोलरच्या हिशेबात डिझेल पूर्वीइतकंच आहे, त्यामुळे तो गिअरबॉक्सला टॉर्कही पूर्वीचाच कळवतो. इंजिनाचा खरा जोर ३५० ते ३६० चा आणि गिअरबॉक्सला निरोप ३०० चा. राखीव प्रेशर तिथेच संपतं, धरणारा क्लच घसरतो, रेस उडते. घसरण लक्षात आल्यावर गिअरबॉक्सचा कंट्रोलर उशिरा प्रेशर चढवतो आणि तुम्हाला शेवटी धक्का बसतो. म्हणजे जो धक्का तुम्हाला ‘गिअर जोरात पडला’ असा वाटतो, तो आधी झालेल्या घसरणीचा शेवट आहे. वरून कडक वाटतं, आत क्लचचं अस्तर जळत असतं.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. ट्यूनिंग बॉक्स आणि थ्रॉटल कंट्रोलर दोन्ही काढा, मूळ कनेक्टर जोडा आणि गाडी आठवडाभर तशीच चालवा. थ्रॉटल कंट्रोलरने इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही; तो फक्त तुमच्या ३० टक्के पायाला ५० टक्के म्हणून पुढे पाठवतो. गिअर कधी उतरवायचा हे गिअरबॉक्स मुख्यतः पेडल आणि वेग बघून ठरवतो, त्यामुळे घाटात पाय जरा हलला तरी त्याला वाटतं ओव्हरटेक करायचाय. तुमच्या तिसऱ्या-चौथ्याच्या खेळाला याचा मोठा हातभार आहे.

जास्त ताकद हवीच असेल तर बॉक्सऐवजी नीट केलेला रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधला बदल, घ्या, पण ट्यूनरला एकच गोष्ट विचारा: टॉर्कचे नकाशे (सॉफ्टवेअरमधले तक्ते) आणि मर्यादा दोन्ही जुळवून घेणार का, की फक्त रेल प्रेशर आणि इंजेक्शनची वेळ वाढवणार? दुसरं केलं तर बॉक्सचंच काम संगणकातून झालं, फरक काही नाही. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. स्टँडर्ड ओबीडीमध्ये (गाडीच्या निदानासाठी स्कॅनर जोडायची सोय) ६१, ६२ आणि ६३ क्रमांकाची वाचनं असतात: मागितलेला टॉर्क टक्क्यांत, प्रत्यक्ष टॉर्क टक्क्यांत, आणि ज्याच्या तुलनेत ते टक्के मोजले तो संदर्भ टॉर्क. तुमच्या गाडीने ती दिली तर रिमॅपच्या आधी आणि नंतर पूर्ण रेसवर नोंद घ्या. गाडी उघडउघड जोरात पळतेय आणि कळवलेला टॉर्क मात्र जुनाच, तर गिअरबॉक्स अजून अंधारातच आहे. आणि टॉर्क किती वाढवावा? गिअरबॉक्स न उघडता मी १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. घाटात राहणाऱ्या, मोठ्या टायरच्या गाडीला तर त्याहून कमीच बरं.

यानंतर नोंद घ्यायची. कानाने आणि पाठीने गिअर ट्यून करता येत नाहीत. इंजिन आरपीएम, टर्बाइन म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आरपीएम, आउटपुट शाफ्टचे आरपीएम, पेडलचे टक्के आणि तेलाचं तापमान, एवढ्या पाचच गोष्टी निवडा. स्वस्त ब्लूटूथ अॅडॅप्टरवर वीस-पंचवीस वाचनं लावली तर प्रत्येकाचं सेकंदाला एखादंच वाचन मिळतं आणि अर्ध्या सेकंदाचा शिफ्ट, म्हणजे गिअरबदल, नोंदीत दिसतच नाही. सेकंदाला निदान दहा वाचनं हवीत. टर्बाइनचं वाचन साध्या अॅपमध्ये सहसा नसतं; त्यासाठी त्या गाडीचा डेटा असलेला स्कॅनर लागतो. सपाट रस्ता, तेल ७० ते ९० अंश, पेडल ३० टक्क्यांवर स्थिर. घाटात घेतलेल्या नोंदीवरून काही ठरवू नका, चढ-उतारामुळे सगळं गढूळ होतं.

नोंद वाचायची कशी, ते उदाहरणाने सांगतो. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०९ आणि तिसऱ्याचं १.४९ धरा. शिफ्ट सुरू होताना टर्बाइन २४०० वर असेल तर शिफ्टनंतर ते साधारण १७१० वर यायला हवं. निरोगी शिफ्टमध्ये टर्बाइनच्या आरपीएमची रेघ २४०० वरून सरळ खाली उतरते. तुमच्या वर्णनावरून ती आधी २५५०-२६०० पर्यंत चढत असणार आणि मग कोसळत असणार. ती चढण म्हणजे फ्लेअर. ५० आरपीएमपर्यंत मी सोडून देतो, १५० च्या वर गेली तर गाडीला जोर देणं थांबवतो. याच्या उलट रेघ ठरल्या वेळेआधीच खाली दबली आणि गाडीला क्षणभर ब्रेक लागल्यासारखं झालं, तर दोन क्लच एकाच वेळी धरताहेत. अशा वेळी प्रेशर वाढवणं म्हणजे आगीत तेल. तिसरा प्रकार, हलक्या रेसवर रेघ झटक्यात खाली येते आणि प्रत्येक गिअरला धक्का बसतो. तिथे उलट हिशेब असू शकतो: इंटरकूलरचा पाइप सैल असेल, टर्बोची हवा गळत असेल, तर इंजिन कमी जोर देतं पण कळवतं जास्त, आणि गिअरबॉक्स गरजेपेक्षा जास्त प्रेशर देतो. रेघ खाली उतरायला किती वेळ लागतो तेही बघा. भरल्या रेसवर तो एका सेकंदाकडे सरकत असेल तर क्लच तापतोय असं समजा.

आता घाट. टायरबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की मोठ्या टायरमुळे गिअर चुकीच्या आरपीएमला पडतात. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, नव्याचा ८२८. म्हणजे जवळपास ५ टक्के मोठा. मीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६३ ने जात असता. पण गिअरबॉक्स स्वतःच्या आउटपुट शाफ्टचा वेग बघत असेल तर इंजिन आणि त्या शाफ्टचं नातं बदललेलंच नाही. गिअर त्याच आरपीएमला पडतो, फक्त रस्त्यावरचा वेग ५ टक्के जास्त असतो. खरा फरक पडतो तो ओढीत. त्याच टॉर्कला चाकाच्या टोकाशी मिळणारा जोर साडेचार-पाच टक्के घटतो, आणि ऑल टेरेन टायर जड असल्याने फिरवायला वेगळी ताकद जाते. म्हणून घाटात चौथा टिकत नाही. मीटर दुरुस्त करायला टायरचा आकार संगणकात बदललात तर गिअरचं वेळापत्रक सरकू शकतं, कारण काही गाड्यांत गिअरबॉक्स दुरुस्त केलेला वेग वाचतो आणि काहींत स्वतःचा सेन्सर. बदलाआधी आणि नंतर नोंद घेतली की तुमची गाडी कोणत्या गटात आहे ते लगेच कळतं.

घाटातल्या खेळाला आणखी एक बाजू आहे. चढ ओळखण्याची सोय असलेला गिअरबॉक्स कळवलेला टॉर्क आणि प्रत्यक्ष वाढलेला वेग यांची तुलना करून चढ किती हे ताडतो. कळवलेला टॉर्क खोटा कमी असेल तर गाडी अपेक्षेपेक्षा चांगली पळतेय असं दिसतं, म्हणजे चढ सौम्य आहे असा निष्कर्ष निघतो, आणि तो वरचा गिअर टाकतो. पुढच्या वळणावर जोर कमी पडला की परत खाली. ट्यूनिंग बॉक्स काढल्यावर हे बऱ्यापैकी शांत होतं. उरलेल्यासाठी आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली अशा घाटांत मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवा, वळणं आवळली की दुसरा. यात गिअरांची उलथापालथ थांबते, आणि वेग पुरेसा असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) धरून राहतं. लॉकअप सुटलेलं असताना कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळतं आणि जोराचा मोठा भाग उष्णतेत जातो. तुमच्या जळक्या वासाचा उगम तिथे असण्याची शक्यता मोठी आहे. उतरतानाही हाच गिअर ठेवा, ब्रेकना आराम मिळतो.

थांबतानाच्या ‘टक्’साठी गिअरबॉक्सला हात लावण्याआधी गाडीखाली जा. लिफ्टमुळे प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) कोन बदललाय आणि त्याचा सरकता सांधा, म्हणजे स्लिप जॉइंट, मूळ जागेपासून थोडा बाहेर आलाय. गाडी थांबताना शाफ्ट आत-बाहेर सरकतो. तिथलं ग्रीस वाळलेलं असलं तर तो अडकतो आणि सुटताना आवाज करतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे इतर ठिकाणांपेक्षा लवकर होतं. त्या सांध्याच्या खाचांना (स्प्लाइन) मॉलिब्डेनमचं ग्रीस भरा, क्रॉस जॉइंट हाताने हलवून खेळ बघा, गिअरबॉक्सचं माउंटिंग पहारीने हलकंच उचलून रबर फाटलंय का ते पाहा. अशा निम्म्या तक्रारी मला इथेच संपताना दिसतात. गाडीखाली गेलातच आहात तर गिअरबॉक्सच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर आहे का तेही बघा. इंजिन चालू, दिवे आणि एसी चालू ठेवून गिअरबॉक्सची बॉडी आणि बॅटरीचं ऋण टोक यांत व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. गिअरबॉक्समधलं तेलाचं प्रेशर सांभाळणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे सोलेनॉइडचा, करंट मिलीअँपिअरच्या हिशेबात चालतो, गंजलेली अर्थिंग तो सहज बिघडवते.

तेलाचं बघू. जळका वास आलाय म्हणजे बदलायचंच. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच तेल घ्या, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं नको. आजची बहुतेक सहा गिअरची तेलं पातळ असतात, १०० अंशाला साधारण साडेपाच सेंटिस्टोक (तेलाचा दाटपणा मोजायचं एकक). जुन्या डेक्सरॉन ३ प्रकारची सात-साडेसात. जाड तेल घातलं की क्लच भरायचा वेळ बदलतो आणि कंट्रोलरचा सगळा अंदाज कोलमडतो. प्लग काढून साधारण ४० टक्केच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून ५०० ते १००० किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदललं की जवळपास ७८ टक्के तेल नवं होतं. यंत्राने जोरात फ्लश करण्यापेक्षा मला हे सुरक्षित वाटतं. लेव्हल गाडी समतल, इंजिन चालू आणि तेल मॅन्युअलमधल्या तापमानाला असतानाच बघायची. ओव्हरफ्लो प्लगच्या गाड्यांत ते तापमान साधारण ४० अंशांच्या आसपास असतं. कोकणात उन्हाळ्यात गाडी नुसती पाच मिनिटं चालवली तरी तेल त्याच्या वर जातं. गरम तेलावर बघितलं की फुगलेलं तेल प्लगमधून निघून जातं आणि लेव्हल कमी राहते. त्यामुळे हे काम सकाळी इंजिन गार असताना सुरू करा.

निघालेलं तेल पांढऱ्या कपड्यावर ओता. तपकिरी रंग आणि वास, एवढंच असेल तर पुढे जायला हरकत नाही. चुंबकाला लागलेली करडी बारीक पेस्ट नेहमीची असते. चमकणारे कण किंवा काळे तुकडे दिसले तर ट्यूनिंगचा विषय बंद, गिअरबॉक्स उघडावा लागेल. तेल गुलाबी आणि दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट आहे. रेडिएटरच्या आतला कूलर फुटला की असं होतं. आपल्याकडे दुसरं कारण जास्त आढळतं: तापलेला गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात किंवा वहाळात बुडाला की आतली हवा आकसताना ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीतून, पाणी ओढून घेतो. क्लचच्या कागदी अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो, त्यामुळे नुसतं तेल बदलून भागेलच असं नाही. लिफ्ट केलीच आहे तर ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंचावर न्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

तापमान सपाटीला ८० ते ९५, घाटात ११० पर्यंत ठीक. १२० दिसलं तर सावकाश व्हा, १३० ला थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. घाटात तुमचं १२० च्या वर जात असेल तर बाहेरचा प्लेट प्रकारचा कूलर बसवा. तो रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर, परतीच्या नळीत, एसी कंडेन्सरच्या पुढे बसतो. नळी ट्रान्समिशन तेलासाठी बनवलेलीच हवी, साधा डिझेलचा पाइप काही महिन्यांत कडक होऊन गळतो. आणि कूलरच्या पंख्यांवर मीठ बसतं, दर महिन्याला गोड्या पाण्याने हलक्या प्रेशरने धुवा.

हे सगळं झाल्यावर गिअरबॉक्सने आधीच्या शिफ्टवरून शिकलेली मूल्यं स्कॅनरने पुसा. आधी पुसलीत तर तो पुन्हा खोट्या टॉर्कवरच शिकेल, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मग कणकवली ते झाराप असा सलग चौपदरी आणि कमी वळणांचा रस्ता पहाटे निवडा. तेल ७० च्या वर गेल्यावर १५ ते २० टक्के पेडलवर पहिल्यापासून वरच्या गिअरपर्यंत, प्रत्येक वेळी पाय स्थिर ठेवून, दहाएक वेळा. नंतर तेच ३० टक्क्यांवर. मग पेडल सोडून गाडी हळूहळू थांबू द्यायची, ब्रेक अगदी हलका, आठ-दहा वेळा. शेवटी उभ्या गाडीत ब्रेक दाबून न्यूट्रलमधून डी आणि न्यूट्रलमधून आर, प्रत्येकी पाच सेकंद थांबत. कंपनीने यासाठी वेगळी प्रक्रिया दिली असेल तर तीच पाळा.

इतकं करूनही शिफ्ट मंद वाटले आणि टॉर्क खरा कळवला जातोय याची खात्री असली, तरच गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरकडे वळा. आधी शिफ्टचं वेळापत्रक आणि लॉकअपचा वेग, मग शिफ्टचा वेळ एका वेळी दहा टक्क्यांनी कमी, आणि लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेलाचं मुख्य प्रेशर, सगळ्यात शेवटी. प्रेशर तीन ते पाच टक्क्यांच्या पायरीने आणि तक्त्यातल्या फक्त वाढीव टॉर्कच्या रकान्यांत वाढवायचं. खालच्या टॉर्कचे रकाने उचलले की न्यूट्रलमधून डी टाकताना धाडकन आवाज येतो आणि क्रॉस जॉइंटना रोजचा मार बसतो. शिफ्टच्या वेळचा टॉर्क कमी करण्याचा भाग कुणी ‘पिकअप तुटतो’ म्हणून बंद करायला सांगेल, तो अजिबात काढू नका. क्लचला वाचवणारी तीच गोष्ट आहे. व्हॉल्व्ह बॉडीच्या प्लेटची भोकं मोठी करण्याचा उपाय जुन्या, कमी इलेक्ट्रॉनिक असलेल्या चार गिअरच्या गिअरबॉक्ससाठी होता. तुमच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक क्लचचं प्रेशर सोलेनॉइड मोजून देतो. तिथे भोक मोठं केलं तर तो हिशेब कायमचा चुकतो आणि प्लेट बदलल्याशिवाय परतीचा रस्ता राहत नाही.

वॉरंटी चालू असेल तर रिमॅपच्या आधी ती जाण्याची तयारी ठेवा. वाढवलेल्या टायरचं आणि लिफ्टचं काय ते आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या, कारण गाडीत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. ट्यूनिंग बॉक्स आणि थ्रॉटल कंट्रोलर काढून, सपाट रस्त्यावर ३० टक्के पेडलने घेतलेली दुसऱ्या-तिसऱ्याची नोंद आणि निघालेल्या तेलाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा, त्यावरून गिअरबॉक्स उघडायचा की नाही हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.